गोल गोल फिरतंय कोण?

“खडकाचं वय जीवाश्मावरून काढतात आणि जीवाश्माचं वय खडकावरून. झाला की नाही गोलमाल?” हा फॉरवर्ड नागपूरच्या ग्रुपांवर फिरत फिरत दहावीतल्या भाचीपर्यंत पोचला, आणि तिला तो पटलाही. म्हणून हा खटाटोप.

गोलमालाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. कोणता अमोनाइट (नामशेष झालेला, कप्प्याकप्प्यांचा शंख असलेला समुद्री जीव) आधीचा आणि कोणता नंतरचा, हे ठरवायला वय लागतच नाही. खालचा थर जुना, वरचा नवा. कोणत्या थरात काय सापडतं ते खालून वर नोंदत जायचं. विल्यम स्मिथने इंग्लंडमध्ये असा थरांचा क्रम 1799 मध्ये लिहून काढला. आणि ज्यावरून खडकाचं वय आकड्यात काढतात त्या किरणोत्साराचा शोध 1896 चा! म्हणजे क्रम आधी लागला, आकडे नंतर आले.

आकडे येतात राखेतून. अमेरिकेत कोलोराडोतल्या प्वेब्लोजवळ क्रिटेशस काळातल्या (डायनोसॉर युगाच्या शेवटच्या कालखंडातल्या) समुद्राचे चुनखडीचे थर आहेत आणि त्यांच्या मधे मधे ज्वालामुखीच्या राखेचे, म्हणजे बेंटोनाइटचे, पातळ पट्टे आहेत. राखेत सॅनिडीन नावाचं पोटॅशियमयुक्त खनिज असतं, आणि त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियमचा ठरावीक वेगाने आर्गॉन वायू होत जातो. त्याचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडतात, अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करतात, मग लेसरने वितळवून त्यातल्या आर्गॉनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजतात. यातही घोळ होतात. स्फटिक कुजलेला असेल तर आर्गॉन निसटतो आणि वय कमी दिसतं. जुन्या खडकातला स्फटिक राखेत मिसळला असेल तर वय जास्त येतं. म्हणून एका स्फटिकावर कोणी विसंबत नाही. अनेक मोजतात आणि फटकून असणारे ओळखून बाजूला काढतात. भूवैज्ञानिक ओब्राडोविच यांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या अशाच राखांची वयं अमोनाइटांच्या जातींवरून पाडलेल्या थरांच्या विभागांशी जोडून अख्ख्या क्रिटेशसचं वेळापत्रक मांडलं. प्वेब्लोला ‘वॅटिनोसेरस डेव्होनेन्स’ हा अमोनाइट पहिल्यांदा दिसतो, तिथून ट्युरोनियन हा क्रिटेशसमधला टप्पा सुरू झाला असं धरतात. वय सुमारे 9 कोटी 39 लाख वर्षं. सॅनिडीनला शेजारच्या थरात कोणता शंख आहे हे ठाऊक नसतं. मग वर्तुळ कुठे आलं बाप्पा?

एक मात्र कबूल. जुना अमोनाइट झिजून सुटतो आणि नव्या थरात जाऊन बसतो, असं होतं. पण त्याच्या कडा झिजलेल्या असतात, आणि कप्प्यांत भरलेला गाळ बाहेरच्या खडकापेक्षा वेगळा निघतो. म्हणून एकट्या शंखावर निर्णय देत नाहीत, जातींचा समूह बघतात. उतारावर पडलेला सुटा नमुना तर धरतच नाहीत.

दुसरा मुद्दा: “डायनोसॉरच्या हाडाचं कार्बन डेटिंग केलं तर हजारातच वय निघतं.” निघणारच! कार्बन-14 चं अर्धायुष्य 5,730 वर्षं. 50,000 वर्षांनी मूळच्या पाव टक्क्याहूनही कमी उरतो. कार्बन-14 पार संपलेल्या नमुन्यात आजचा कार्बन फक्त 1 टक्का मिसळला, तरी वय सुमारे 38,000 वर्षं निघेल. सोनाराच्या काट्यावर ट्रक तोलायचा आणि वर काटा खोटा म्हणायचं, असला हा प्रकार.

डायनोसॉरांबरोबरच संपला असं मानलेला सीलाकँथ मासा 1938 मध्ये जिवंत सापडला, हे खरं. पण त्याच्यावरून थरांचं वय कोणी काढतच नव्हतं. कमी काळ टिकलेले आणि दूरवर पसरलेले जीवच त्या कामाचे. पुढे.

शेवटी “टाकळीचे शंख बघा, नागपुरात समुद्र होता.” टाकळीचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले; सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजला नाव आहे तेच. दख्खनच्या लाव्ह्यांमधल्या या थरांत ‘फायसा’सारख्या गोगलगायी मिळतात, त्या गोड्या पाण्यातल्या. अमोनाइट नाहीत, त्यामुळे समुद्री घड्याळ इथे थेट लावता येत नाही आणि वयावरून वादही भरपूर झाले. तरी फॉरवर्डवाल्यांना अर्धा गुण देतो: गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला दोन लाव्ह्यांमधल्या गाळात समुद्रात तरंगणारे सूक्ष्म, कवचवाले एकपेशीय जीव, म्हणजे फोरॅमिनिफेरा, नोंदवले. म्हणजे खारं पाणी कधीतरी तिथवर शिरलं होतं. फक्त ते फोरॅमिनिफेरा डेनियन काळातले, क्रिटेशस संपल्यानंतर लगेचचे. आणि हा काळ कशावरून कळला? समुद्री जीवाश्मांवरूनच.