अर्धं भिंग झाकलं तर?

बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावर प्रतिमा किती दिसेल?

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात हा प्रश्न आला. आम्ही सगळे माध्यमिकचे विज्ञान शिक्षक, आणि बहुतेकांनी एका सुरात सांगितलं, "अर्धी." मार्गदर्शक काही बोलले नाहीत. मेणबत्ती लावली, भिंगाला कागद चिकटवला. प्रतिमा पूर्ण होती, फक्त अंधूक झाली होती. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या उघड्या भागातूनही जातातच. पण फळ्यावर आपण वर्षानुवर्षं दोनच किरण काढतो, आणि प्रकाश म्हणजे तेच दोन किरण असं मुलांबरोबर आपल्यालाही वाटू लागतं.

पुढच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात मी हेच करून दाखवलं. कधीच हात वर न करणारा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, मधलाच भाग झाकला तर?" तो तास संपला तरी मुलं टेबलाभोवती होती.

प्रशिक्षणाने शिक्षकाची उत्पादकता वाढणं म्हणजे माझ्या लेखी हे. दहावीच्या निकालाच्या टक्क्यांत ते दिसेलच असं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ मध्येच दर पाच वर्षांच्या सेवेत दोन-तीन महिन्यांचं सेवांतर्गत प्रशिक्षण सुचवलं होतं. तास ठरवणं मला मान्य आहे. त्या तासांत काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. सेवेच्या १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणी, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षण आवश्यक. साहजिकच लक्ष प्रमाणपत्राकडे जातं. भाषा, गणित, चित्रकला शिकवणारे सगळे एकाच सभागृहात, समोर एकच पीपीटी. ऑनलाइन असेल तर व्हिडिओ एकीकडे चालू आणि चाचणीची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मीही ती उत्तरं भरली आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं. त्या दिवशी माझ्याकडे ५८ उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या आणि यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती संध्याकाळपर्यंत हवी होती.

पुण्यात बसून साधनं नाहीत असं कसं म्हणू? पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राचं आयुका आहे, शिक्षक प्रशिक्षण बघणारी राज्याची एससीईआरटी तर कुमठेकर रस्त्यावर. कमी पडतो तो वेळ, आणि प्रशिक्षणानंतर वर्गात येऊन "कसं चाललंय?" विचारणारं माणूस. त्या भिंगाच्या प्रशिक्षणानंतरही कोणी आलं नाही. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात, मग चर्चा होते. त्यासाठी सभागृह लागत नाही, वेळापत्रकात दोघांचा एक समान मोकळा तास लागतो. मुख्याध्यापकांनो, तेवढा एक तास काढून द्या. कोणी रजेवर असलं की बदली तासांच्या वहीत तो सगळ्यात आधी जातो.

आम्ही दोघींनी सुरुवात केली आहे. सोमवारी मी नववीला धाराविद्युत शिकवणार आणि माझी सहकारी मागच्या बाकावर बसणार. एकसर जोडणीतला, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या बल्बांमधला, पहिला बल्ब थोडी धारा खाऊन टाकतो, असं किती मुलांना वाटतं, ते ती मोजणार आहे.