केट बुशला मालिकेने जन्म दिलेला नाही

२०२२च्या मे महिन्यात नेटफ्लिक्सवर ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा सीझन आला आणि त्यातलं ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणं जगभर वाजू लागलं. तेव्हापासून या गाण्याच्या गायिकेची, इंग्लंडच्या केट बुशची, एक गोष्ट हातोहात फिरते आहे. थोडक्यात अशी: पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या डेव्हिड गिलमोरने एक शाळकरी मुलगी हेरली, रेकॉर्ड कंपनीतल्या जाणत्या लोकांनी तिला घडवलं, ऐंशीच्या दशकात तिची दोन-चार गाणी गाजली, मग ती गायब झाली, जग तिला विसरलं आणि ३७ वर्षांनी एका मालिकेने तिला पुन्हा उभं केलं.

ही गोष्ट शेअर करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, उलट कौतुकच असतं. पण या गोष्टीत केट स्वतः काही करताना दिसतच नाही. हेरलं एकाने, घडवलं दुसऱ्यांनी, वाचवलं तिसऱ्यांनी. जिने शब्द लिहिले, चाली बांधल्या आणि वयाच्या चोविसाव्या वर्षापासून आपल्या प्रत्येक अल्बमची निर्मिती स्वतः केली, तिच्या वाट्याला फक्त नशीब येतं. हे मला सहन होत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा गिलमोरचा. त्याने मदत केली हे खरंच आहे, आणि ती मोठी मदत होती. घरी टेप केलेली तिची गाणी एका ओळखीच्या माणसामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचली. १९७५ साली त्याने स्वतःच्या पैशाने लंडनच्या एअर स्टुडिओत तिचं नीट रेकॉर्डिंग करवून घेतलं. ते ऐकून ईएमआय कंपनीने तिला करारबद्ध केलं. पण त्याला आवडलं ते काय? तिने लिहिलेली गाणी. त्या दिवसांत रेकॉर्ड झालेलं ‘द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज’ तिने शाळेत असतानाच लिहिलं होतं. सोळाव्या वर्षी गायलेलं तेच रेकॉर्डिंग तीन वर्षांनी तिच्या पहिल्या अल्बमवर आलं, सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून वेगळं विकलं जाऊन, ब्रिटनच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याच्या शब्दांना आयव्हर नोव्हेलो हा गीतलेखनाचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. गिलमोरने दार उघडलं. आत काय घेऊन जायचं ते तिच्याजवळ तयार होतं.

आणि आत गेल्यावर ती गप्प बसली नाही. पहिलं सिंगल म्हणून कंपनीला दुसरंच, जरा रॉकच्या वळणाचं गाणं हवं होतं. एकोणीस वर्षांची ही मुलगी अडून बसली की पहिलं गाणं ‘वदरिंग हाइट्स’च. एमिली ब्राँटेच्या कादंबरीतली मेलेली नायिका खिडकीशी येऊन बोलते आहे, आवाज टिपेला चढलेला आहे, असलं गाणं रेडिओवर चालेल याची खात्री कोण देणार? १९७८च्या मार्चमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. स्वतः लिहिलेल्या गाण्यावर त्या यादीत अव्वल ठरलेली ती पहिली बाई.

आता ‘निर्मात्यांनी घडवलं’ हा दावा. हाच सगळ्यात चुकीचा आहे आणि सगळ्यात जास्त पसरलेलाही. आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसा घालणारा डोळ्यांसमोर येतो. रेकॉर्डच्या धंद्यात कुठलं वाद्य ठेवायचं, कुठलं काढायचं, कुठला टेक अखेरचा, आवाज किती पुढे आणि किती मागे, हे ठरवणारा माणूस म्हणजे निर्माता. तिचे पहिले दोन अल्बम अँड्र्यू पॉवेलने केले, हे मान्य. दुसरा तर कंपनीच्या घाईपायी त्याच वर्षी उरकावा लागला. त्यानंतर मात्र सूत्रं तिच्या हातात येत गेली. १९८०च्या ‘नेव्हर फॉर एव्हर’ची निर्मिती तिने जॉन केलीच्या जोडीने केली, आणि तो ब्रिटिश गायिकेचा तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला एकल अल्बम ठरला. १९८२च्या ‘द ड्रीमिंग’वर निर्माती म्हणून एकटीचं नाव आहे.

याच काळात तिला फेअरलाइट सापडलं. ऑस्ट्रेलियात बनलेलं हे यंत्र म्हणजे पियानोसारखी पट्टी, संगणक आणि पडदा. बाहेरचा कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि पट्टीवर सुरात वाजवायचा. तिच्या ‘बबूष्का’ या गाण्याच्या शेवटी काचा फुटतात ना, त्या खरोखर फोडून, तो आवाज या यंत्रात भरून वाजवलेल्या आहेत. तेव्हा हे यंत्र इतकं महाग होतं की मोजक्याच लोकांना परवडायचं, आणि ज्यांना परवडलं त्यांतल्या अनेकांनी त्याचा उपयोग केला तो व्हायोलिनच्या ताफ्याची बचत करायला. केटने त्यावर गाणी रचायला घेतली.

‘द ड्रीमिंग’ आधीच्या अल्बमइतका खपला नाही. कंपनी नाराज झाली, आणि स्टुडिओचं तासाचं भाडं डोक्यावर होतंच. अशा वेळी पुढच्या अल्बमसाठी एखादा नावाजलेला निर्माता घ्यावा, असं कुणीही म्हणालं असतं. तिने उलटं केलं. लंडनच्या कडेला वेलिंग इथे आईवडिलांचं जुनं शेतघर होतं. तिथल्या कोठारात तिने स्वतःचा स्टुडिओ उभारला. घड्याळ थांबलं. आता एका ओळीवर आठवडा गेला तरी विचारणारं कुणी नव्हतं.

‘रनिंग अप दॅट हिल’ याच तयारीतून निघालं आहे. हेडफोन लावून सुरुवात ऐका. आधी वाऱ्यासारखा एक लांब स्वर येतो. त्याखालून घोड्याच्या टापांसारखे ड्रम येतात. ते ड्रम-मशीनवर तिच्या साथीतल्या डेल पामरने बसवले, आणि हे श्रेय त्याचंच आहे. मग येते ती चेलोसारखी, किंचित घुसमटलेली चाल, जी ऐकली की गाणं ओळखू येतं. ती केटने फेअरलाइटवर रचली. तिच्या भावाने वाजवलेला बलालाइका (एक रशियन तंतुवाद्य) मागे कुठेतरी आहे, लक्ष देऊन ऐकला तर सापडतो. घरी केलेला कच्चा आराखडा फेकून देऊन स्टुडिओत सगळं नव्याने करायचं, ही त्या वेळची रीत. इथे त्या आराखड्यावरच थर चढवत पूर्ण गाणं झालं, म्हणून पहिल्या दिवशीची ऊब त्यात उरली आहे. मला तरी ते गाणं आजचं वाटतं ते यामुळेच.

गाण्याचं मूळ नाव होतं ‘अ डील विथ गॉड’. देवाचं नाव असलं तर काही देशांतले रेडिओ वाजवणार नाहीत, असं कंपनीने सांगितलं. तिने नाव बदलू दिलं, पण पहिलं सिंगल हेच असेल यावर तडजोड केली नाही. १९८५ साली ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं. पाठोपाठ आलेल्या ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ने मॅडोनाच्या ‘लाइक अ व्हर्जिन’ला अल्बमच्या यादीत पहिल्या जागेवरून हटवलं. त्या अल्बमची दुसरी बाजू म्हणजे रात्री समुद्रात एकटी तरंगणाऱ्या बाईची सात गाण्यांची सलग कथा आहे. ज्यांनी मालिकेतलं एकच गाणं ऐकलंय, त्यांनी ही बाजू एका बैठकीत ऐकावी.

‘गायब झाली, जग विसरलं’ याला फार शब्द खर्चायला नकोत. १९९३ ते २००५ तिचा नवा अल्बम आला नाही, हे बरोबर. त्या काळात तिला मूल झालं, ती घरी होती, स्वतःच्या गतीने काम करत होती. २००५ साली दुहेरी अल्बम आला, २०११ मध्ये दोन. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या समारोपात ‘रनिंग अप दॅट हिल’च नव्या मिक्समध्ये वाजलं आणि पुन्हा यादीत येऊन सहाव्या क्रमांकावर गेलं. मालिकेच्या दहा वर्षं आधी! २०१४ मध्ये, म्हणजे आधीच्या दौऱ्यानंतर ३५ वर्षांनी, तिने लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये २२ प्रयोग केले. सगळी तिकिटं पंधरा मिनिटांच्या आत संपली, आणि त्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या पहिल्या चाळीस अल्बममध्ये एकट्या तिचे आठ होते. विसरलेल्या माणसासाठी लोक असे धावत नाहीत.

राहिली मालिका. तिने कोट्यवधी कोवळ्या वयाच्या मुलांपर्यंत हे गाणं नेलं, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि दृश्यही सुंदर जमलंय. पण गाणं असंच उचलून लावलेलं नाही. आपलं गाणं कुठे वापरू द्यायचं याबाबत केट फार चोखंदळ आहे. मालिकेच्या लोकांनी तिला प्रसंगाची पटकथा पाठवली, गाणं मॅक्स या मालिकेतल्या मुलीच्या गोष्टीत काय काम करणार ते कळवलं. ती स्वतः मालिका बघत होती, म्हणून तिने होकार दिला. १७ जून २०२२ला गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तिच्या दोन अव्वल गाण्यांमध्ये ४४ वर्षांचं अंतर पडलं, हा २०२२ साली तिथला विक्रम ठरला.

जुन्या गाण्यांचे कलाकार बहुतेक वेळा अशा यशाचे पाहुणे असतात. मूळ रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीचं, पैसाही मुख्यतः तिकडेच. इथे तसं नव्हतं. या रेकॉर्डिंगचे हक्क केटच्या स्वतःच्या कंपनीकडे आहेत आणि अल्बमही ‘फिश पीपल’ या तिच्याच लेबलवर निघतात. त्यामुळे त्या उन्हाळ्यात जगभर ते गाणं वाजत होतं, तेव्हा शब्दांचा, चालीचा, निर्मितीचा आणि मालकीचा असा चारही बाजूंचा मोबदला एकाच बाईकडे जात होता.