‘संचालकांच्या चौकशीला सभासदांची समिती? नुसता तमाशा!’ : फिरत्या मेसेजला उत्तर

आंब्याचा हंगाम आटोपला आणि पट्ट्या (दलालाने विक्रीचा हिशेब लिहून दिलेल्या चिठ्ठ्या) हातात आल्या, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन कंपनी कायद्याखाली नोंदवलेल्या कंपन्यांत, कुरबुर सुरू होते. दर कोणी ठरवला, टेम्पो कोणाचा लावला, कॅनिंगच्या मालाचं वजन कुठल्या काट्यावर झालं? मग कोणीतरी म्हणतं, संचालकांवरच्या आरोपांची चौकशी करायला सभासदांचीच समिती नेमा. तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो. त्याचा सारांश असा: अशा समितीला कायद्यात काडीची किंमत नाही, सभासदाला दप्तर बघायचा अधिकारच नाही, सभा लावायला दहा टक्के सह्या पुरतात, त्यापेक्षा सहकार खात्यात कलम 83 खाली अर्ज टाका, मंडळ बरखास्त होतं, आणि संचालकाने राजीनामा दिला की विषय संपला. शेवटी ‘प्रत्येक बागायतदारापर्यंत पोचवा’.

पोचलाय. आता त्यातलं एकेक बघू.

‘समितीला कायद्यात काडीची किंमत नाही.’

हे अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. कंपनी कायदा, 2013 मध्ये भागधारकांच्या चौकशी समितीसाठी वेगळं कलम नाही. समितीला समन्स काढता येत नाही, शपथेवर जबाब घेता येत नाही, कपाटाला सील ठोकता येत नाही. असले अधिकार सरकारी निरीक्षकांकडे असतात. पण कायद्यासोबत कंपन्यांसाठी एक नमुना नियमावली दिलेली आहे, टेबल एफ. तिच्यातला 89वा नियम म्हणतो की संचालक नसलेल्या सभासदाला हिशेबाची वही पाहता येणार नाही. मात्र कायद्यानेच तो हक्क दिला असेल, मंडळाने परवानगी दिली असेल किंवा सर्वसाधारण सभेने अधिकार दिला असेल, तर पाहता येईल. यातला तिसरा दरवाजा समितीसाठी उघडा आहे. तुमच्या कंपनीच्या नियमावलीत हे वाक्य आहे का, तेवढं आधी तपासा.

म्हणून ठराव नीट लिहायला हवा. ‘चौकशी समिती नेमण्यात येत आहे’ एवढ्याने भागत नाही. समितीत कोण कोण, कोणत्या वर्षांच्या कोणत्या वह्या पाहणार, सोबत सीए घेता येईल का, अहवाल कोणत्या तारखेपर्यंत देणार, हे सगळं ठरावात हवं. हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं जपून ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्यामुळे ‘जुनं दप्तर पावसात भिजलं’ हे कोकणातलं आवडतं उत्तर ऐकून परत फिरायचं कारण नाही.

वह्या हातात आल्यावर पुढे काय? आंब्याचंच उदाहरण घ्या. पेटीत डझनं जितकी कमी, तितकं फळ मोठं आणि दर चढा. समजा, कंपनीच्या खरेदी वहीत एका सभासदाचा माल सहा डझनी म्हणून लिहिलाय आणि पैसेही त्याच दराने दिलेत. त्याच दिवशी, त्याच गाडीतून गेलेल्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजारातल्या पट्टीवर मात्र पाच डझनी म्हणून विकल्या गेल्यात. भाडं, हमाली, दलाली वजा करूनही फरक उरतो. तो कंपनीच्या खात्यात जमा झाला असेल, तर प्रश्न फक्त सभासदाला कमी पैसे का दिले एवढाच. पण ती पट्टी कंपनीच्या दप्तरात नसेल आणि दलालाच्या गाळ्यावरच सापडली, तर प्रकरण वेगळं. उत्पादक कंपनीला सीएकडून अंतर्गत लेखापरीक्षण करून घ्यावंच लागतं. पण सीए समोर ठेवलेल्या बेरजा तपासणार. अमुक बागेतून मार्चमध्ये सहा डझनी फळ निघणं शक्य नाही, हे त्याला कुठून कळणार? ते शेजारच्या बागायतदाराला कळतं. सभासदांच्या समितीचा खरा उपयोग हा आहे.

याला जुना दाखलाही आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज हडसन हा ‘रेल्वेचा राजा’ म्हणून मिरवायचा, शिवाय खासदार. 1849 मध्ये यॉर्क, न्यूकॅसल अँड बेरिक रेल्वेच्या सभेत भागधारकांनी विचारलं, की कंपनीने दुसऱ्या एका रेल्वेचे शेअर बाजारभावापेक्षा चढ्या दराने का घेतले? विकणारा खुद्द हडसन होता. भागधारकांची समिती बसली, बाकीच्या कंपन्यांतही तेच झालं आणि त्याच वर्षात त्याची अध्यक्षपदं गेली. सगळ्याची सुरुवात दोन दर शेजारी ठेवून बघण्यातून झाली.

एक गोष्ट मात्र मेसेजच्या बाजूने सांगितली पाहिजे. कितीतरी समित्यांत निवडणुकीत पडलेल्या पॅनेलचीच माणसं भरलेली असतात. तसं असलं की लोक तमाशा म्हणणारच. ज्याच्यावर आरोप आहे त्याला लेखी प्रश्न पाठवा, त्याचं उत्तर अहवालाला जोडा. पुढे त्याला पदावरून काढायची वेळ आली, तर कलम 169 प्रमाणे विशेष सूचना द्यावी लागते आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागतंच.

‘सभासदाला दप्तर बघायचा अधिकारच नाही.’

साफ चूक. सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्ताची वही कामकाजाच्या वेळेत कोणत्याही सभासदाला फुकट पाहता येते. संचालक मंडळाच्या बैठकांची नाही. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मिळणं हा हक्कच आहे. कंपनीने सरकारकडे भरलेली कागदपत्रं तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कोणालाही बघता येतात. सभासद असायचीही गरज नाही. आणि कलम 189 ची नोंदवही, ज्यात संचालकांचे हितसंबंध असलेल्या करारांची नोंद असते, ती कार्यालयात पाहायला खुली असते आणि वार्षिक सभेत मांडावी लागते. ती मागा. फक्त एक लक्षात ठेवा, वर्षभरात एकूण पाच लाखांच्या आतल्या माल-सेवेच्या व्यवहारांची नोंद तिच्यात करावी लागत नाही. म्हणजे चेअरमनच्या भावाचा टेम्पो तिथे दिसला नाही, याचा अर्थ तो लावलाच नव्हता असा नाही.

‘दहा टक्के सह्या पुरतात.’

साध्या कंपनीत पुरतात, तिथे दहा टक्के भागभांडवल लागतं. उत्पादक कंपनीत मात्र विशेष सभेच्या मागणीवर मताधिकार असलेल्या एक तृतीयांश सभासदांच्या सह्या लागतात. कलम 378झेडए वाचा. शेअर किती आहेत हेही इथे बघत नाहीत; सगळे सभासद व्यक्ती असतील, तर माणशी एक मत. दहा टक्क्यांवर सह्या थांबवून अर्ज दिलात, तर मंडळ तो हसत हसत बाजूला ठेवेल. दहा टक्के लागतात ते दुसरीकडे: राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे (एनसीएलटी) कलम 213 खाली चौकशी मागताना किमान 100 सभासद किंवा एक दशांश मताधिकार लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा इथेच घोळ घातलाय.

एक तृतीयांश सह्या म्हणजे कोकणात सोपं काम नव्हे. सातबाऱ्यावर नाव असलेले आणि म्हणून सभासद झालेले निम्मे लोक डोंबिवली-विरारला. त्यामुळे सह्या गणपतीत किंवा शिमग्याला गोळा करायच्या, दुसरा इलाज नाही. मागणी पोचली की मंडळाने 21 दिवसांत सभा बोलवायची आणि 45 दिवसांच्या आत ती झाली पाहिजे. नाही बोलावली तर मागणी करणारे स्वतः बोलावू शकतात, मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांत.

‘सहकार खात्यात 83 चा अर्ज टाका.’

ते कलम महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मधलं. सोसायटीला लागू, कंपनीला नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे गेलात तर तो अर्ज परत देईल आणि तुमचा महिना फुकट जाईल. कंपनीची तक्रार कंपनी निबंधकाकडे. गंभीर गैरकारभार असेल तर न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. सभासद आणि संचालक यांच्यातल्या कारभाराच्या वादांसाठी 378झेडओ मध्ये सलोखा आणि लवादाची वाटही आहे. या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, कागद काय आहेत? ते गोळा करून ठेवलेले असतात समितीच्या अहवालात.

‘राजीनामा दिला की सुटला.’

कलम 168 मध्ये सरळ लिहिलंय की संचालक असताना घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही त्याच्यावर राहते. तेव्हा राजीनामा आल्याबरोबर समिती गुंडाळू नका. त्याची तारीख वहीत लिहून घ्या आणि त्या तारखेपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या मागवा.