प्लॉट पाडायच्या आधी नकाशा दाखवा

माझी आत्ती कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या पूर्वेच्या अंगाला राहते. घरामागे गोठा, गोठ्यात दोन म्हशी. परवा संध्याकाळी धारेच्या वेळी गेलो होतो. आत्ती चरवी गुडघ्यात धरून बसली होती आणि पत्र्यावरून विमान गेलं. पत्रा थरथरला, म्हशीनं कान टवकारले, आत्तीचा हात तेवढ्यापुरता थांबला. "पयल्यांदा आलं तवा हिनं पान्हाच चोरला हुता. दोन दिवस धार न्हाई," ती म्हणाली. "आता सवं झालीया. पर आणि मोठी इमानं येनार म्हनत्यात, ते खरं हाय काय रं?"

खरं आहे, आत्ती. यायलाच पाहिजेत.

हे आधीच सांगतो, कारण विमानतळाबद्दल काही बोललं की लगेच "विकासाला विरोध" असा शिक्का बसतो. माझा विरोध नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली इथं विमानतळ उभा केला, तेव्हा देशातल्या भल्याभल्या शहरांना तो नव्हता. मधे कित्येक वर्षं विमानसेवा कधी सुरू तर कधी बंद. २०१८ मध्ये छोटी शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतून ती पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. १,३७० मीटरची जुनी धावपट्टी आता २,३०० मीटरच्या दिशेनं निघाली आहे. २०१९ च्या महापुरात हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा बचावपथकं ह्याच माळावर उतरली. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना विमानतळाचं मोल मी सांगायला नको.

माझं म्हणणं वेगळं आहे. धावपट्टीचा मीटर न् मीटर आपण मोजतो, पण कुंपणाबाहेरच्या गावांचं काय होणार, हे कुणी कागदावर मांडून त्या गावांसमोर ठेवत नाही. उजळाईवाडी, गडमुडशिंगी, तामगाव, नेर्ली, गोकुळ शिरगाव, सरनोबतवाडी ह्या गावांचं पुढच्या वीस वर्षांचं जगणं विमानतळाशी बांधलं गेलंय. आणि तिथं आज काय चाललंय? गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट पडतायत.

मी कामानं घरांचे नकाशे काढतो, परवानगीच्या फायली फिरवतो, म्हणून हे रोज बघतो. माझ्या मावसभावानं त्या भागात दीड गुंठा घेतला. एजंटानं "एअरपोर्ट टच" म्हणून विकला. आयुष्याची कमाई त्यात घातली, खाली एक मजला बांधला, वर पोरांसाठी दुसरा काढायचा होता. तेव्हा कळलं की विमानतळापासून २० किलोमीटरच्या आत बांधकामाच्या उंचीवर बंधनं आहेत, ना-हरकत दाखला लागतो. जमिनीपासून किती फूट हे तिथं चालत नाही. समुद्रसपाटीपासून घराचा माथा किती उंच, तेही जिन्याचा मनोरा आणि पाण्याची टाकी धरून, हे बघतात. त्याचा प्लॉट चढावर. कागद घेऊन तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "दादा, हे घ्यायच्या आधी मला कुणी का सांगितलं नाही?"

तेवढाच प्रश्न आहे. कुणी सांगितलं नाही. सातबाऱ्यावर विमानाची वाट लिहिलेली नसते. खरेदीखतातही नसते. वर गुंठेवारी, म्हणजे रस्ता नऊ फुटांचा आणि गटार कुठंच नाही.

शहराची हद्दवाढ हा आपल्याकडचा जुना वाद. गावांना महापालिकेत जायचं नव्हतं, शहराला जागा पुरत नव्हती, मधला मार्ग म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं. त्याचं पहिलं काम विमानतळाभोवतीचा आराखडा हेच असायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. विमान कुठून चढतं-उतरतं ती पट्टी कुठली, आवाज जास्त पडणार तो पट्टा कुठला, तिथं शाळा-दवाखाने नकोत, गोदामं-वर्कशॉप चालतील. गोकुळ शिरगावची एमआयडीसी शेजारीच आहे, त्यांनाही जागा हवीच आहे. २०१८ मध्ये केंद्रानं विमानतळाभोवतीच्या आवाजाची मानकं काढली, त्यामागचा विचार हाच आहे. आज आपल्याकडे फेऱ्या थोड्या आहेत. म्हणूनच आज करायचं. घरं भरल्यावर रेषा मारली की ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते.

आता पाण्याचं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो.

माळावर पाऊस पडला की मुरुमात मुरायचा, उरलेला ओघळींनी खालच्या शिवारात जायचा. आता तिथं डांबर, काँक्रीट, भराव, पार्किंग, हॉटेलं. पाऊस तेवढाच, मुरणारं पाणी कमी. मग ते एकदम खाली उसात येतं आणि दोन दिवसांत निघून जातं. पावसाळ्यात बांध फुटतो आणि उन्हाळ्यात विहीर तळ गाठते, दोन्ही एकाच कारणानं. कोची विमानतळाचं उदाहरण बघा. २०१५ मध्ये पूर्ण सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून त्याचं नाव झालं आणि ते कौतुक रास्तच होतं. पण तो भातखाचरांच्या जागेवर, ओढा वळवून बांधलेला. २०१८ च्या पुरात पेरियार नदीचं पाणी आत शिरलं आणि विमानतळ दोन आठवडे बंद राहिला. आपला विमानतळ उंचावर आहे म्हणून आपल्याला ती भीती नाही. आपल्याकडे पाणी विमानतळात शिरणार नाही, तिथून खाली येईल. म्हणून एकही ओढा बुजवायचा नाही, उलट टर्मिनलच्या छतापासून हॉटेलच्या पार्किंगपर्यंत पडणारं पाणी अडवायला तळी काढायची, हे परवानगीच्या कागदावरच आलं पाहिजे.

कचऱ्याचंही तसंच. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा आणि मांसाचे अवशेष टाकायला विमान नियमांत बंदी आहे, कारण त्यावर घारी येतात आणि घारी विमानावर आदळतात. १० किलोमीटर म्हणजे किती? अंबाबाईचं देऊळसुद्धा त्यात येतं. तेव्हा हा एकट्या गावांचा प्रश्न नाही, अख्ख्या कोल्हापूरचा आहे. ओढ्याच्या पुलावरून चिकनच्या पिशव्या खाली टाकणाऱ्यांनी तर जरूर विचार करावा.

जमीन गेलेल्यांबद्दल लांबण लावत नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली, डोंगर कापला, उलवे नदी वळवली. तिथं प्रकल्पग्रस्तांना पैशाऐवजी गेलेल्या जमिनीच्या साडेबावीस टक्के विकसित भूखंड मिळाले, तेही वर्षानुवर्षं भांडल्यावर. पुण्याजवळच्या पुरंदर विमानतळासाठी जमीन द्यायला तिथल्या सात गावांनीही वर्षानुवर्षं विरोध केला. आपल्याकडे क्षेत्र त्यामानानं थोडं आहे. पण ज्याची पाऊण एकरच होती आणि तीच गेली, त्याला थोडं म्हणता येत नाही. आणि धावपट्टी लांबते तेव्हा गावरस्ता वळवावा लागतो. तो वळसा गाडीवाल्याला दहा मिनिटांचा असतो. सायकलवरून शाळेला जाणाऱ्या पोरीला आणि डेअरीची वेळ गाठणाऱ्या आत्तीला तो किती पडतो, हे मोजूनच पर्यायी रस्ता ठरवायला हवा. आणि तो आधी बांधायचा, जुना नंतर बंद करायचा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे. पर्यावरण परवानगीची जनसुनावणी असते तेव्हा अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो आणि निदान ३० दिवस आधी नोटीस निघते. ही हत्यारं आपल्या हातात आहेत. पण सुनावणीला गाव जातं ते मोबदल्याचा दर विचारायला. ओढा, आवाज, उंची हे विषय कुणी काढतच नाही, कारण नकाशा कुणी बघितलेलाच नसतो.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेत आमच्याकडून एकच अर्ज देतोय: उंचीच्या मर्यादा, विमानांची वाट, ओढे आणि नियोजित रस्ते दाखवणारा गट नंबरवार नकाशा, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, कायमचा. अर्जाचा मसुदा मी तयार केलाय. आजूबाजूच्या गावांतल्या कुणालाही हवा असेल तर मेसेज करा, गावाचं नाव घालून पाठवतो. मावसभावाची सही पहिली आहे. आत्तीनं अंगठा दिलाय आणि विचारलंय, "त्यात आपला गोठा दिसल न्हवं?"