सड्यावर एक बाटली का पुरत नाही

नमस्कार,

‘सड्याला वाळवंटाचे नियम कशाला? वरून समुद्र दिसतो, खाली वाडी असते, पहाटे निघालं की एक बाटली पुरते,’ असं तुम्ही सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या उघड्या पठारावर, फिरण्यासाठी मी दिलेल्या सूचनांबद्दल लिहिलंत. यातलं एक मान्य. गरम कपड्यांची सूचना जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कला शोभते. तिथे जानेवारीच्या पहाटे कडाक्याची थंडी असते. मेमध्ये राजापूरच्या सड्यावर तिचा उपयोग नाही, ती काढून टाकतो. पाण्याचं मात्र मागे घेणार नाही.

वाळवंटात हवा कोरडी, घाम आल्या आल्या उडतो आणि अंग गार राहतं. आपल्याकडे मेच्या पहाटे हवा दमट असते. घाम नुसता निथळतो, उडत नाही. पाणी जातं आणि अंगही तापत राहतं. तापमान ३३ अंश असतानाही चक्कर येते ती यामुळेच. म्हणून ताशी अर्धा ते पाऊण लिटर धरा. चार तासांना तीन लिटर, तीन वेगळ्या बाटल्यांत. एका लिटरला चहाचा अर्धा चमचा मीठ आणि चहाचे सहा सपाट चमचे साखर. कोकमाचा आगळ घेणार असाल तर मीठ वेगळं नको, त्यात ते असतंच. पहिली बाटली संपली की मागे फिरायचं, कारण परतीला ऊन चढलेलं असतं आणि कातळ खालून भाजतो.

वाडी दिसते हे खरं. पण पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) सोडून तिच्याकडे सरळ उतरू लागलात की करवंदीच्या जाळ्या आडव्या येतात, नाहीतर चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाची खाण. बंद पडलेल्या खाणीच्या कडा उभ्या कापलेल्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी कुंपण नसतं. बॅटरीच्या उजेडात पुढचा कातळ सलग वाटतो. त्यामुळे गावातून पाचला निघा, पण उजाडेपर्यंत पायवाट सोडू नका. मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, फार थांबावं लागत नाही.

फुरसं (विषारी साप) रात्री फिरतं आणि उजाडताना दगडाखाली शिरतं. गडग्यावर (रचलेल्या दगडांच्या कुंपणावर) बसू नका, फटीत हात घालू नका. चावलंच तर वर घट्ट बांधू नका, चिरू नका. पाय स्थिर ठेवून १०८ला फोन करा. सुरुवातीला फार दुखत नाही म्हणून चालत सुटू नका, रक्तस्राव नंतरही सुरू होतो.

होकायंत्रावरही विसंबू नका. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी (कातळावर कोरलेल्या चित्रापाशी) सुई चुकीची दिशा दाखवते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. (आणि फोटोसाठी शिल्पाच्या रेषांत खडू भरू नका, कृपा करून.)

एकट्याने जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. वाडीत एकाला सांगून जा: कोणत्या पाखाडीने चढणार, कोणत्या पाखाडीने उतरणार आणि साडेनऊपर्यंत खाली दिसलो नाही तर शोधायला कुठून सुरुवात करायची.