"मुलगी द्यायचीय का कुत्रं?" – एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात आमच्या कुत्र्यामांजरांच्या शेल्टरविषयी 'दत्तक देताना आम्ही काय काय विचारतो' हा लेख टाकला, त्यावर 'एक श्वानप्रेमी' या नावाने भलीमोठी प्रतिक्रिया आली. खालीच दोन ओळीत उत्तर देणार होते पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आधी फॉर्म, मग फोनवर चौकशी, मग घर बघायला येणार, मग नसबंदीचं लिहून घेणार, "मुलगी द्यायचीय का कुत्रं?" भाड्याने राहणाऱ्यांना तुम्ही दारातूनच परत पाठवता. दोन हजार रुपये कसले घेता? आणि वर रडता की शेल्टर भरलं. शेवटी, "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले तेव्हा त्यांनी आधी फॉर्म भरून घेतला नव्हता. ताई, राग मानू नका."

राग मानू नका असं लिहून माणूस जे लिहितो ते राग यावा म्हणूनच लिहितो हे न कळण्याइतकी मी लहान नाही. आला राग. टीका करा ना, माझी काही हरकत नाही, पण हा जो 'ताई' म्हणून चिमटा काढायचा सूर आहे तो मला नवीन नाही. दर रविवारी शेल्टरच्या गेटवर ऐकते मी तो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते, म्हणजे मी हेकेखोर आहे असं वाटायला नको. पिल्लाला रेबीजची लस दीड महिन्यात असं मी लिहिलं होतं, ते चूक. दीड महिन्यापासून सुरू होते ती पार्वो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरची, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. लेखात दुरुस्त केलंय. धन्यवाद.

आता नामदेव महाराज. कुत्र्याने पोळी पळवली आणि महाराज तूप घेऊन मागे पळाले, कोरडी खाऊ नकोस म्हणाले, माझी आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी डोळे पुसायची. पण महाराजांनी त्या कुत्र्याला चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत नेऊन ठेवलं आणि दिवाळीला गावी जायचंय म्हणून आठव्या महिन्यात परत आणून दिलं असं काही त्या गोष्टीत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला पोळी घालायला कोण फॉर्म मागतंय तुमच्याकडे? खुशाल घाला. (तूप नका घालू, जुलाब होतात.)

आणि ते मुलीचं वाक्य. हे वाक्य मी पहिल्यांदा २०१७ साली ऐकलं. तेव्हा मी नवीन होते, घर बघायला जायची मला स्वतःलाच लाज वाटायची, लोकांना अपमान वाटतो असं वाटायचं. एक गृहस्थ आले, बोलणं गोड, पाकिटात आधीच्या कुत्र्याचा फोटो, म्हणाले अहो मॅडम मुलगी देताय का, घर काय बघायचं त्यात. मी हसले आणि तीन महिन्यांची काळी पिल्ली त्यांच्या हातात दिली, काळ्या माद्या लवकर कोणी नेत नाही म्हणून उलट खूशच होते मी. पहिले दोन महिने फोटो आले. मग फोन उचलणं बंद. आठ महिन्यांनी पत्ता शोधत मी आणि आमचा ड्रायव्हर टेम्पो घेऊन गेलो तर ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, दीड हात साखळीला. भांड्यात हिरवं शेवाळ. गळ्यात निळा पट्टा दिसेना म्हणून मी जवळ जाऊन केस बाजूला केले तर पट्टा होता, आत होता. मीच घातलेला, तीन महिन्याच्या पिल्लाच्या मापाचा, कोणी कधी एक भोक सैल केलं नव्हतं आणि तो कातडीत रुतून वरून कातडी धरायला लागली होती. डॉक्टरांनी भूल देऊन कापून काढला. वास अजून आठवतो मला. आणि ती साखळी गंजलेली होती, म्हणजे आधीच्या कुत्र्याची, पाकिटातल्या फोटोवाल्या. मी घर बघायला गेले असते तर ती साखळी मला त्याच दिवशी दिसली असती की नाही? सांगा.

मुलगी नांदली नाही तर निदान माहेरी फोन करते. ही काय करणार होती?

बरं, घर बघायला येतो म्हणजे तुमचा सोफा बघायला येत नाही आम्ही. मांजर न्यायची असेल तर बाल्कनीला जाळी आहे का, कारण वरच्या मजल्यांवरून मांजरं पडतात, मांजर कुठूनही पडली तरी चार पायांवरच येते ही थाप आहे. गेल्या काही महिन्यांत घरात पार्वोने पिल्लू गेलंय का हेही विचारतो, कारण तो व्हायरस फिनाईलने पुसून जात नाही, महिनोन्‌महिने टिकतो, तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू देणं म्हणजे जाणूनबुजून मारणं. आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांसमोर बोलतो, कारण हो म्हणणारा एक असतो आणि रोज सकाळी शी उचलणारी दुसरीच असते, तिला कोणी विचारलेलंच नसतं. एका घरात आजी स्वयंपाकघराच्या दारातून नुसती मान हलवत उभ्या होत्या, नाही अशी. नाही दिलं आम्ही.

कायदा आहे ना मग, असंही तुम्ही मध्ये कुठेतरी म्हणालात. आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा, १९६० चा. प्राणी उपाशीतापाशी मरेल असा सोडून दिला तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! त्यात आमच्याकडच्या पिल्लांचं एक दिवसाचं दूधसुद्धा येत नाही. त्यामुळे आमच्या हातात काय तर तो फॉर्म आणि ती सही. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात जो आदेश दिला त्यातही, दत्तक नेलेलं कुत्रं परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी नेणाऱ्याची, असं म्हटलंय. कोर्टाला पण विचारून बघा मुलगी द्यायचीय का.

तीस वर्षं कुत्री पाळताय लिहिलंत, चार कुत्री. छान. चार कुत्री आमच्याकडे सोमवारी दुपारपर्यंत येतात. इतकी वर्षं करतेय मी हे, लॉकडाऊनमध्ये वेळ जात नाही म्हणून पिल्लू मागणारे आणि ऑफिस सुरू झाल्यावर त्याच नंबरवरून "याचं काहीतरी करा" म्हणणारे, दोन्ही फोन मीच घेतलेत, त्यामुळे श्वानप्रेम म्हणजे काय हे मला टोपणनावाने कोणी शिकवू नये.

भाड्याच्या घराचं म्हणाल तर सरसकट नाही म्हणत नाही आम्ही, घरमालकाचं पत्र मागतो, एवढंच. मी स्वतः भाड्याने राहते. (माझ्या मालकांचं पत्र नाहीये, पण ते अकरा वर्षं कॅनडात आहेत आणि तो विषय वेगळा.) दोन हजारांचा हिशोब ऑफिसच्या भिंतीवर लावलाय, लसी आणि नसबंदीचे आकडे त्यात आहेत, येऊन वाचा. शेल्टर का भरतं हा मोठा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

ती काळी मादी अजून आमच्याकडेच आहे, राणी. आठ वर्षांची झाली. गळ्याला हात लावला की चावते, म्हणून कोणी नेत नाही, हार्नेस, म्हणजे छातीवरून बांधायचा पट्टा, मात्र मुकाट घालून घेते, आधी एक पाय, मग दुसरा. तिला फिरवायला माणसं कमी पडतात. श्वानप्रेमी साहेब, रविवारी सकाळी आठ ते दहा या, फिरवून आणा, त्याला फॉर्म नाही. फक्त आल्यावर गेटवर खरं नाव सांगा.