दहा कोंबड्या, रोज दहा अंडी: हा हिशेब चुकीचा आहे

बचत गटाच्या ग्रुपपासून नातेवाइकांच्या ग्रुपपर्यंत सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: 'परसात दहा गावरान कोंबड्या पाळा. रोज दहा अंडी, १५ रुपयांनी महिन्याला ४,५०० रुपये. तीन बाय तीन फुटांचा, चारी बाजूंनी बंद पत्र्याचा खुराडा पुरे. घरचं खरकटं टाका, खर्च शून्य. गावरान कोंबडीला रोग होत नाही, लस लागत नाही. हळद-लसणाचं पाणी पाजलं की झालं.'

मी नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बाजूला राहते आणि नऊ वर्षं कोंबड्या पाळतेय. माझ्या जावेच्या वहिनीने हाच मेसेज वाचून गटातून कर्ज काढलं आणि कोंबड्या आणल्या. पावसाळा सरेपर्यंत दहातल्या तीन उरल्या. घरचे म्हणाले, 'हिला जमलं नाही.' मला ते वाक्य फार लागलं. जे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा बोल तिने का खायचा? म्हणून या मेसेजमधला एकेक दावा तपासते.

आधी अंडी. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसू पाहते. अंड्यांवर बसवली तर २१ दिवस उठत नाही, पिल्लं निघाली की पुढचे दोन महिने त्यांच्यामागे फिरते. पिसं झडायच्या दिवसांतही अंडी बंद. म्हणजे दहा कोंबड्यांची वर्षाची अंडी ७०० च्या आसपास. मेसेजच्या हिशेबाने ती ३,६५० व्हायला हवीत. एक अंडं पोटात तयार व्हायलाच २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे फार्मवर अंड्यांसाठीच पाळलेली लेअर कोंबडीसुद्धा वर्षाचे ३६५ दिवस अंडं देत नाही. वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जाती गावरानपेक्षा जास्त देतात, पण त्यांना खाणंही जास्त लागतं आणि त्या सहसा खुडूक होत नाहीत. पिल्लं दरवेळी विकत आणावी लागतात. गावरान अंड्याला नाशिकच्या बाजारात चांगला भाव मिळतो, हे मात्र मेसेजमधलं खरं आहे. पण तो भाव ७०० अंड्यांनी गुणायचा, आणि त्यातलीही काही उबवायला ठेवावी लागतात.

आता खुराडा. सगळ्यात जास्त नुकसान मी इथे होताना पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तीन बाय तीन म्हणजे नऊ चौरस फूट. एका मोठ्या कोंबडीला रात्रीपुरती दीड ते दोन चौरस फूट जागा लागते, म्हणजे दहांना १५ ते २०. कमी जागेत त्या एकमेकींना टोचतात, कमजोर असते ती कोपऱ्यात दबते. त्याहून वाईट तो 'चारी बाजूंनी बंद'. कोंबडीला घाम येत नाही, मुख्यतः चोच उघडून धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा दुपारी अंडं घालायला बंद पत्र्यात शिरलेली कोंबडी भाजून निघते. पावसाळ्यात वेगळंच संकट. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, त्याने डोळे चुरचुरतात आणि छाती भरते. सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर तुमच्या नाकाला झिणझिण्या आल्या, तर ती वाफ कोंबड्यांनी रात्रभर ओढली असं समजा.

माझा खुराडा पाच बाय चार फुटांचा आहे, जमिनीपासून दोन फूट उंच. सांगाडा जुन्या द्राक्षबागेतल्या लोखंडी अँगलचा. खालचा दीड फूट फळी, वर सगळीकडे जाळी. पत्र्यावर उसाचं पाचट बांधलंय आणि पुढचा पत्रा दीड फूट बाहेर काढलाय, म्हणजे पावसाचा मारा आत येत नाही. निफाडकडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडेही डिसेंबरात हुडहुडी भरते. तेव्हा वाऱ्याच्या बाजूने गोणपाट सोडते, पण वरची वीतभर जागा उघडीच ठेवते. आत चार-चार फुटांच्या दोन दांड्या, एकाच उंचीवर. दांड्या खाली-वर लावल्या तर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. तळाला चार बोटं भाताचं तूस. ते दर दोन-तीन दिवसांनी उलथते, दमट वाटलं की थोडा चुना मिसळते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तूस टिकणार नाही. तिथे बांबूच्या पट्ट्यांचा फटी ठेवलेला तळ बरा, घाण खाली पडते.

जाळीवर पैसे वाचवू नका. बाजारात जी पातळ षटकोनी जाळी 'कोंबडीची जाळी' म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं, रानमांजर भोकातून पंजा घालतं. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाळी घ्या, दाराच्या कडीला खिळा अडकवा. उसाच्या पट्ट्यात बिबट्या फिरतो, त्याच्यापुढे जाळीचाही भरवसा नाही. खुराडा घराच्या भिंतीला लागूनच हवा.

'खर्च शून्य' हेही खोटं. खरकट्यात मीठ, तेल, तिखट असतं आणि प्रथिनं नावाला. मोठ्या परसात किडे, गवताचं बी मिळतं. फरशी घातलेल्या अंगणात काय मिळणार? संध्याकाळी कोंबडीमागे ५० ग्रॅम बाजरी, कणी किंवा मक्याचा भरडा धरला तरी दहांना महिन्याला १५ किलो होतो. शिवाय शिंपल्याचा चुरा हवाच. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं; खाण्यातून मिळालं नाही तर ते कोंबडीच्या हाडांतून निघतं. बुरशी आलेला मका किंवा पेंड अजिबात देऊ नका, त्यातलं विष यकृतावर जातं. कांदाचाळीतला सडका कांदा टाकायची आपल्याकडे सवय आहे, तीही सोडा. आणि द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या फवारलेल्या प्लॉटमध्ये कोंबड्या सोडू नका.

पिवळाजर्द बलक म्हणजे अस्सल गावरान अंडं, असंही बरंच लिहिलं जातं. तो रंग हिरव्या पाल्याचा आणि मक्याचा असतो. कोंबडाही अंड्यांसाठी लागत नाही, फक्त पिल्लांसाठी लागतो. आठ-दहा कोंबड्यांना एक खूप झाला.

आता 'गावरानला रोग होत नाही'. पहिल्याच वर्षी माझ्या सतरा पक्ष्यांपैकी चौदा चार दिवसांत गेले. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, लुळे पंख, वाकडी झालेली मान. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात, पुस्तकात राणीखेत. कुमाऊँमधल्या राणीखेत गावावरून १९२०च्या दशकात हे नाव पडलं. हा विषाणूचा आजार आहे. तो झाल्यावर औषध नाही. हळद-लसूण नाही आणि दुकानातलं अँटिबायोटिकही नाही. मीही तेव्हा हळद पाजत बसले होते. गावरान पक्षी ऊन आणि उपास सोसतो, मानमोडी नाही.

त्यावर लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आठव्या आठवड्यात याच रोगावरच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. कोंबड्यांच्या देवीची लसही असते. पुढचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. अडचण एवढीच की कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची येते, दहा कोंबड्यांसाठी कुणी आणत नाही. शिवाय ती बर्फातच आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या वस्तीवरची सहा घरं मिळून एक कुपी आणतो. थर्मासमध्ये बर्फ घालून एकजण घेऊन येते, बाकीच्यांनी पिल्लं आदल्या रात्रीच डालग्याखाली कोंडून ठेवायची, सकाळी ऊन चढायच्या आत घरोघर थेंब टाकून मोकळं व्हायचं.

जावेच्या वहिनीने आता पुन्हा पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या घेतल्यात. गेल्या रविवारी आम्ही तिच्याकडे जाऊन खुराड्याला वेल्डमेश ठोकून आलो. पुढची कुपी सात घरांत वाटायची आहे.